गिरजाबाईंचा गट

मी आयुष्यभर नोकरी काय केली, हे पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत कुणाला धड माहीत नाही. "ट्रस्टमध्ये होत्या" एवढ्यावर सगळ्यांचं भागतं. समाजसेवा म्हटली की लोक मान डोलावतात आणि पुढचं ऐकायच्या आत विषय बदलतात. बरंच झालं म्हणायचं. कारण कुणी खोदून विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं, की मी माणसांना गट लावायचे. गहू निवडावेत तसं. हा इकडं, ती तिकडं.

सांगते नीट. आमच्या ट्रस्टचं ऑफिस शहागंजात, एका कापडदुकानाच्या वर. ट्रस्ट गरिबांना मदत करतो, पण मदत देणारे मूळ हात दुसऱ्यांचे असतात, आणि कुणाला मदत करायची हे ते हात ठरवतात. एका देणगीदाराला फक्त विधवा हव्यात. दुसऱ्याला अपंग मुलं. एकाला फक्त असे म्हातारे हवे होते, ज्यांना मुलं आहेत पण ती सांभाळत नाहीत. का, ते मी कधी विचारलं नाही. असेल घरचं काही दुखणं. तर आलेल्या प्रत्येक माणसाला आम्ही एक खूण द्यायचो. वि म्हणजे विधवा. प म्हणजे परित्यक्ता. नि-एक म्हणजे ज्याला कुणीच नाही असा साठीपुढचा निराधार, आणि नि-दोन म्हणजे मुलं असून टाकलेला. एका माणसाला एकच गट. दोन गटांत कुणी सापडला तर वरून चौकशी लागायची. पुढं टॅब आले, तेव्हा तर गट निवडल्याशिवाय फॉर्म पुढं सरकेचना, लाल चौकोन तसाच डोळे वटारून बसायचा.

यात गमती नव्हत्या असं नाही. शहागंजात कुलपं दुरुस्त करणारे एक रशीदभाई होते. एकटा जीव, कमाई बेताची, छातीचं दुखणं. दर वर्षी जिना चढून यायचे आणि मी दर वर्षी त्यांना परत पाठवायचे, कारण ते कुठल्याच गटात बसत नव्हते. "ताई, मैं बेवा नहीं, लंगडा नहीं, बुढ्ढा नहीं. मग मी करू काय?" मी म्हणायचे, "म्हातारे व्हा." एका वर्षी आले ते छाती पुढं काढून. "ताई, साठ पूरे हो गए." चहा मागवला मी त्या दिवशी. पण ते गेल्यावर वाटलं, सुमन साळवे, काय तुझा धंदा. माणूस साठ वर्षांचा झाला याचा आनंद करतेस.

रकाना म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी लहानपणी वसतिगृहात शिकले. तिथल्या बाई हजेरी घेताना नावापुढची जात मोठ्यानं वाचायच्या. बाबासाहेबांच्या वाटेनं बुद्धाकडं गेलेल्या घरातली मी, खाली मान घालायची मला सवय नव्हती. तरी कान तापायचे. म्हणून कामावर रुजू झाले तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या हातून कुणाला चुकीच्या रकान्यात टाकायचं नाही. खात्री झाल्याशिवाय खूण करायची नाही.

आणि खात्रीची एक पद्धत मी स्वतः काढली होती. तिचा मला लई गर्व. रेशनकार्डावर माझा विश्वास नव्हता. लाभासाठी लोक कार्ड वेगळं करून घेतात आणि एकाच ताटात जेवतात, किंवा उलट, कार्डावर एकत्र आणि घरात बोलाचाली बंद. मी चूल बघायचे. म्हातारीची चूल वेगळी आहे का? राख ताजी आहे का? मागची भिंत किती काळी झालीय? दोन दिवसांची काजळी आणि दोन वर्षांची काजळी यातला फरक मी लांबून सांगायचे. नव्या पोरींना सांगायचे, "माणूस खोटं बोलेल, कागद खोटं बोलेल. चूल खोटं बोलत नाही." अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मला कुणी तेव्हा सांगायला हवं होतं.

कन्नडकडच्या एका गावात आमचं नेत्रतपासणी शिबिर झालं. डॉक्टरांनी वीस-बावीस म्हाताऱ्यांची नावं काढली, त्यात गिरजाबाई होत्या. एक डोळा पूर्वीच गेलेला. दुसऱ्यात मोतीबिंदू इतका पिकलेला, की डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा लवकर काढा. आत दाब वाढला तर हाही जाईल, आणि मग काही करता येणार नाही." ऑपरेशनचा खर्च उचलणारा देणगीदार तोच, टाकलेले म्हातारे मागणारा. म्हणजे आता त्या सगळ्या घरांत जाऊन गट लावायचं काम माझं.

गिरजाबाईंचं घर धनगराचं. मी गेले तेव्हा टळटळीत दुपार होती. मुलगा भानुदास मेंढरं घेऊन घाटाकडं गेलेला, सून दुसऱ्याच्या रानात खुरपायला. म्हातारी एकटीच बाजूच्या पडवीत बसलेली. मी आत पाऊल टाकलं तशी "दंडवत" म्हणाली. मी तेव्हा टॅबवर गावाचं नाव भरत होते, "हां, बसा बसा" म्हटलं. पडवीत तिची वेगळी चूल. वेगळा तवा, वेगळं पिठाचं डबडं. भिंतीवर चांगली चार-पाच वर्षांची काजळी.

"आजी, तुम्ही इथंच रांधता?"

"व्हय."

"तुमचं तुम्ही? दिसत नसताना?"

"हाताला सवय हाय."

"मुलाच्या चुलीवरचं नाही खात?"

"त्यांच्या चुलीचं मला चालत नाय."

झालं. माझ्या डोक्यात दिवा लागला. असं बोलणाऱ्या आया मी शेकड्यांनी बघितल्या होत्या. मुलगा विचारत नाही म्हणायचं नाही, मलाच चालत नाही म्हणायचं. पोटच्या गोळ्याची अब्रू पदराखाली झाकायची. मी मनात म्हटलं, आजी, मला नका शिकवू. आणि "का चालत नाही" हा पुढचा साधा प्रश्न मी विचारलाच नाही. लाल चौकोनात नि-दोन टाकलं, चौकोन हिरवा झाला, मी पुढच्या घरी गेले.

यादी सात दिवस ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायची, हरकत असेल तर लोकांनी सांगावं, हा नियमही माझाच. पुढाऱ्यांचे चेले यादीत घुसायचे म्हणून भांडून करून घेतलेला. यादीत नुसती खूण नसायची, गटाचं पूर्ण नाव असायचं. या वेळी यादीत बारा नावं बसली. गिरजाबाईंच्या नावापुढं छापलेलं होतं: मुलाने सांभाळ नाकारलेली. आणि मुलाचं नाव, भानुदास.

यादी लागून तीन दिवस झाले आणि सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या एक माणूस जिना चढून आला. खांद्यावर घोंगडी, डोक्याला पटका, चाळिशीचा असेल. बसा म्हटलं तर बसला नाही.

"साळवेताई कोण?"

"मीच."

"मपल्या आईला मी टाकली, असं तुमी लिवलं?"

आवाज चढलेला नव्हता, त्यानंच मी जास्त घाबरले. मी म्हटलं, तुमची आई वेगळी रांधते, मी स्वतः बघितलं. मग एखाद्या लेकराला समजावून सांगावं तसं त्यानं सांगितलं.

"बाप गेल्यावर आईनं महानुभावांचा उपदेश घेतला. तिला मटणाचं चालत नाय. आमचं घर धनगराचं, जत्रंला बकरं पडतं, सणासुदीला हंडी व्हती. मंग तिचा धरम बुडंल ना? म्हणून ती चूल मी घालून दिली. माती मी आणली, लिंपली बी मीच. पानी मी भरतो, सरपन मी फोडतो. मी मेंढरामागं असलो तर बायको करती. तुमी इचारायचं तरी."

मराठवाड्यात जन्मले मी. दंडवत म्हणणारी माणसं कोण, त्यांचं खाणंपिणं कसं, हे मला शाळेतल्या पोरीइतकं तरी ठाऊक होतं. पाऊल टाकताच म्हातारीनं ते मला सांगितलं होतं. मी टॅबवर गावाचं नाव भरत होते.

"काल हाटेलात चहा पुढं केला," तो म्हणाला, "आन् म्हनले, आईला पाजला का रं आधी? समदे हसले. मी चहा तिथंच ठिवला."

त्याला बाकावर बसवलं आणि मी आमचे कार्यक्रम अधिकारी, फारुकीसर, यांच्या खोलीत गेले. भला माणूस. सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला.

"ताई, गलती हुई. होतं. पण यादी वर गेली. आता एक नाव बदललं तर पूरे गाव की फेरतपासणी लागेल. सोमवारची गाडी रद्द. बाकीचे अकरा म्हातारेही लटकतील."

"सर, पण हे खोटं आहे."

"और सच्चा गट लावला तर? सांभाळणारा मुलगा असलेली म्हातारी. आपल्याकडे तिच्यासाठी कार्यक्रम कोणता आहे, सांगा."

नव्हता. सांभाळल्या जाणाऱ्या गरीब म्हातारीसाठी आमच्याकडं काहीच नव्हतं. मुलगा नालायक निघाला तर डोळा, चांगला निघाला तर आंधळेपण, असा तो हिशेब. बाहेर येऊन मी भानुदासला हे जसंच्या तसं सांगितलं. दुसरीकडं नेलं नाही का, असंही विचारलं. नेलं होतं. सरकारी दवाखान्यात तारीख मिळाली होती, पण त्या दिवशी रक्तातली साखर वाढलेली निघाली, म्हणून परत पाठवलं, आणि ते बरोबरच होतं. साखर आता गोळ्यांनी आटोक्यात आली होती, पण पुढची तारीख दीड महिन्यानंतरची. तो घोंगडी सावरून जिना उतरला.

दुसऱ्या दिवशी त्याच्याच फोनवरून म्हातारी बोलली. गावात कुणीतरी तिला यादी वाचून दाखवली होती.

"बाई, तुमच्या गाडीत मी बसत नाय. ज्या कागदात मपला लेक खाली पडला, त्या कागदाचा डोळा मला नको."

"आजी, डोळा कायमचा जाईल."

"जाऊ द्या. दिसल तवर दिसल."

तो शुक्रवार होता. शुक्रवार आणि शनिवार मी जेवले की नाही, मला आठवत नाही. ओळखीच्या दोन संस्थांना फोन केले, दोन्हींनी पुढच्या महिन्याचं सांगितलं. शिबिराच्या डॉक्टरांना विचारलं, थोडं थांबलं तर चालेल का. ते म्हणाले, "मी तुमच्या जागी असतो तर थांबलो नसतो." माझ्या घरी चूल नाही, गॅस आहे, पण त्याच्यासमोरही मला उभं राहवेना. एका प्रश्नाचा आळस केला आणि एक डोळा जाणार, हे एकच डोक्यात घोंघावत होतं.

शनिवारी दुपारी भानुदास पुन्हा आला. या वेळी बसला.

"राहू द्या ते नाव," तो म्हणाला. "लिवा, मी टाकली. गाव चार दिस हसंल, मंग दुसरं कुनी सापडंल. पर तिला सांगा, नाव काढलं म्हणून. तुमचं ऐकल ती."

"खोटं सांगू?"

"एक खोटं तुमच्या हातनं झालंच ना ताई. आता अजून एक सोसा."

जो माणूस आईच्या डोळ्यासाठी 'मी आईला टाकली' असं गावाच्या भिंतीवर राहू द्यायला तयार होता, त्याला मी नि-दोनचा मुलगा ठरवलं होतं. मी तोंड फिरवून पाणी प्यायचं निमित्त केलं.

त्याच दिवशी त्याच्याबरोबर एसटीनं गेले. पंचायतीच्या भिंतीवरचा कागद फाडून पिशवीत टाकला, सात दिवस झालेले नसतानाही. पडवीत गेले, म्हातारीपुढं खाली बसले. "आजी, चुकलं माझं. मी विचारलं नाही. कागद काढला, नाव दुरुस्त केलं." यातलं पहिलं खरं, शेवटचं खोटं. तिनं चाचपून माझा हात धरला आणि म्हणाली, "दंडवत, बाई. लेकराचं नाव राखलंत." हात सोडवून घ्यावासा वाटत होता, आणि सोडवताही येईना.

तिला डोळा कशाला हवा होता, ते तिथंच कळलं. पंथात गेल्यावर उतारवयात ती अक्षरं शिकली होती, पोथी वाचण्यासाठी. दोन वर्षांपासून पोथी कापडात बांधून ठेवलेली. "लेक वाचून दावतो म्हनतो, पर तो अडखळतो," असं म्हणून हसली. भानुदासही हसला. मी हसले नाही. ती वाचू शकते, एवढंच माझ्या मनात बसलं.

सोमवारी गाडी गेली. ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि काळा चष्मा लागला. तिसऱ्या दिवशी बारा म्हातारे आणि बरोबरची माणसं घेऊन आम्ही परत निघालो. निघताना दवाखान्यानं प्रत्येकाच्या हातात एक जाड कार्ड दिलं. मागच्या बाजूला डोळ्यात थेंब किती वेळा घालायचे ते. पुढच्या बाजूला रुग्णाचं नाव, कार्यक्रमाचं नाव, आणि ठसठशीत अक्षरांत लाभार्थी गट. खाली पडताळणी करणाऱ्याचा शिक्का, म्हणजे माझा. मी ते बघितलं. काढून घ्यावं तर थेंबांचं वेळापत्रक त्यावरच. मी भानुदासला खूण केली. तो आईच्या हातून कार्ड घ्यायला गेला, तर ती म्हणाली, "राहू दे, मपलं मी धरते." आणि मांडीवर उपडं ठेवलं. थेंबांची बाजू वर होती.

शहर सुटलं तशी ती खिडकीतून पाट्या वाचायला लागली. अक्षर अक्षर लावून, मोठ्यानं. "र-स-वं-ती." गाडीतले म्हातारे हसायला लागले. "पं-क्च-र." कुणीतरी म्हणालं, आता गिरजाबाईला शाळेत घाला. वेरूळ गेलं, तिची एकही पाटी सुटत नव्हती. पाट्या संपल्या की कार्डाची पाळी येणार, हे मला दिसत होतं. मी तिला बाहेरचं काहीबाही दाखवत राहिले, आजी तो डोंगर बघा, आजी ते बैल बघा. भानुदासही दाखवत होता. आम्ही दोघं एका लेकराला भुलवावं तसं तिला भुलवत होतो.

हतनूरच्या अलीकडं रस्त्याला पाट्या नव्हत्या. तिनं कार्ड उचललं. थेंबांचे आकडे वाचले. मग उलटलं, हात लांब केला आणि लावायला लागली.

"गि-र-जा-बा-ई." स्वतःशीच खूश झाली. मग खाली आली. "मु-ला-ने. सां-भा-ळ." इथपर्यंत आवाज मोठा होता. "ना-का-र-ले-ली."

तिनं माझ्याकडं तोंड वळवलं.

"बाई, हे कुनी लिवलं?"

'मी' एवढंच म्हणायचं होतं. एक अक्षर. ते माझ्या तोंडात आलेलंही होतं. पण त्याआधी भानुदास म्हणाला, "आई, मीच सांगितलं तसं लिवायला. मी म्हनलो म्हणून लिवलं त्यांनी."

तिनं चष्मा कपाळावर सरकवला. डॉक्टरांनी नको सांगितलं होतं. ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. दोन वर्षांनी बघत होती. बराच वेळ बघितलं, मग त्याच्या गालावरून हात फिरवला.

"लई वाळलास रं, भानू," ती म्हणाली. "खात नाय का काही?"

तिनं चष्मा नीट केला, कार्ड पुन्हा हातभर लांब धरलं आणि जिथं सोडलं होतं तिथून पुढं वाचायला घेतलं. शिक्का होता तिथंपर्यंत आली. "सु-म-न. सा-ळ-वे." सगळं वाचून झाल्यावर कार्ड पोथी मिटावी तसं दोन्ही हातांत धरलं आणि खिडकीबाहेर बघत बसली. कन्नड आलं, गेलं. गाव येईपर्यंत तिनं मला काही विचारलं नाही, आणि मी काही सांगितलं नाही.